रंग कधी सोडायचा

शीवला आमच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर एक आजी राहायच्या. ऐंशी कधीच ओलांडलेल्या. रोज सकाळी न्हाऊन, लुगडं नेसून, दाराशी पाट टाकून भाजी निवडत बसायच्या. एका डिसेंबरात सकाळचं तिरपं ऊन जिन्याच्या खिडकीतून थेट त्यांच्या चेहऱ्यावर आलं होतं. मी फोटो काढला. काळापांढरा. कपाळावरची एकेक रेघ, बोटांची पेरं, ताटातल्या मेथीची पानं, सगळं त्या उन्हात सुटं सुटं उभं राहिलं होतं. मोठी प्रिंट करून मी ती त्यांना नेऊन दिली. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "अरे, माझं लुगडं कुठं गेलं?" थोड्या वेळानं म्हणाल्या, "एवढ्यात भिंतीवर टांगतोस काय रे मला?"

चित्र म्हणून तो फोटो चांगला होता, हे मी आजही म्हणेन. पण ते हिरवं लुगडं त्यांच्या नातीनं पहिल्या पगारातून आणलं होतं. त्या दिवशी आजी मुद्दाम ते नेसून बसल्या होत्या. फोटो काढतोय म्हटल्यावर त्यांनी पदर सारखा केला होता, काठ पुढं घेतला होता. कॅमेऱ्यासमोर त्यांनी स्वतःहून जी एक गोष्ट आणून ठेवली होती, नेमकी तीच मी पुसली. पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेलो, तेच लुगडं नेसायला सांगितलं आणि रंगीत फोटो काढला. ऊन तोवर सरकलं होतं, चेहरा पहिल्याइतका उठून आला नाही. या पुस्तकात दुसरा फोटो आहे. पहिला नाही.

आपल्याकडं काळ्यापांढऱ्या फोटोचा अर्थ ठरून गेला आहे, हे मला आजींनी शिकवलं. नाक्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो तेव्हा चेहरा रंगीत असतो, मागं भगवा, निळा, सोनेरी असा रंगांचा पूर असतो. त्याच माणसाचा 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स लागतो तेव्हा अनेकदा तोच फोटो रंग काढून लावलेला असतो. माणूस गेला की त्याच्या फोटोतला रंगही जातो. हा संकेत कुणी लिहून ठेवलेला नाही, पण शाळकरी पोरांनाही तो कळतो. म्हणून जिवंत माणसाचा काळापांढरा फोटो काढताना आपण काय करतो आहोत, याचं भान ठेवावं लागतं.

हे पुस्तक शीवचं आणि शीवच्या आसपासचं आहे. शीव म्हणजे वेस, हद्द. मुंबई बेट इथं संपायचं आणि खाडीपलीकडं साष्टी सुरू व्हायची. 1669 ते 1677 च्या दरम्यान, जेरार्ड ऑन्जियर गव्हर्नर असताना, या हद्दीवर राखण ठेवायला इंग्रजांनी टेकडीवर किल्ला बांधला. 1803 साली शीवचा बांध पुरा झाला आणि बैलगाड्या खाडी ओलांडू लागल्या. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली आगगाडी याच वाटेनं गेली. आता हद्द राहिली नाही, नाव राहिलं. मी इथंच वाढलो आणि इथंच फोटो काढत आलो. पुस्तकातले काही फोटो रंगीत आहेत, काही काळेपांढरे. एका पुस्तकाला एकच सूर हवा, असं मला जाणत्या मित्रांनी सांगून पाहिलं. मी ऐकलं नाही. रंग ठेवायचा की सोडायचा हा निर्णय मी प्रत्येक फोटोपुरता वेगळा घेतला आणि ही प्रस्तावना त्या निर्णयाबद्दलच आहे.

फोटोग्राफीची पहिली शंभर-सव्वाशे वर्षं हा प्रश्नच नव्हता. मुंबईत 1854 साली बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी होते आणि स्वतः उत्तम फोटो काढत. त्या काळच्या काचेवरच्या निगेटिव्हला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, निळा मात्र वाजवीपेक्षा जास्त दिसे. म्हणून जुन्या फोटोंत आभाळ कोरं पांढरं येतं, कुंकू काळंभोर येतं आणि हळदही काळवंडते. पणजीच्या फोटोकडं पाहून कपाळाला बुक्का लावलाय की काय असं वाटावं. फाळक्यांनी दादरला 'राजा हरिश्चंद्र' चित्रित केला आणि 1913 साली गिरगावात कोरोनेशनमध्ये दाखवला, तेव्हाच्या फिल्मलाही लाल दिसत नसे. त्या पिढीच्या सिनेमावाल्यांना कुठला रंग पडद्यावर काळा होईल आणि कुठला पांढरा, याचा हिशेब मनात ठेवूनच रंगभूषा आणि कपडे ठरवावे लागत.

हे कुंकू मला महत्त्वाचं वाटतं. काळापांढरा फोटो म्हणजे जगातून रंग वजा केले की उरतं ते, अशी आपली समजूत असते. तसं नसतं. लाल रंगाचा किती काळा आणि हिरव्याचा किती करडा, हे कुणी ना कुणी ठरवतंच. तेव्हा काचेवरचं रसायन ठरवत होतं. पुढं सगळे रंग पाहणारी फिल्म आली तेव्हा भिंगापुढची पिवळी, नारिंगी किंवा लाल काच ठरवू लागली. आज मोबाइलमधला प्रोग्रॅम ठरवतो, आणि आपण त्याला विचारतही नाही.

लोकांना रंग हवाच होता, हेही त्या काळाकडं पाहिलं की कळतं. स्टुडिओत काळापांढरा फोटो काढला की तो रंगवून देणारे कारागीर असत. बारीक कुंचल्यानं ओठांना लाली, शालूच्या काठाला पिवळा, गालाला किंचित गुलाबी. प्रभातनं 1933 साली 'सैरंध्री' रंगीत करायचा घाट घातला, त्यासाठी व्ही. शांताराम जर्मनीपर्यंत गेले, आणि रंग मनासारखे उतरले नाहीत. दूरदर्शन रंगीत झालं ते 1982 साली. त्याआधी घरच्या डब्यावर सगळं करडंच दिसे आणि आम्ही मुलं गाणी बघताना नायिकेच्या साडीच्या रंगावर पैजा लावायचो.

होमाई व्यारावाला यांचं उदाहरण इथं द्यायला हवं. 1913 सालचा जन्म, नवसारीचा. शिक्षण मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. स्वातंत्र्याच्या आगेमागे त्यांनी काढलेले फोटो हीच आपल्या डोळ्यांसमोरची त्या काळाची मूर्ती आहे, आणि ती मूर्ती काळीपांढरी आहे. त्यामुळं आपल्याला नकळत वाटतं की तो काळच काळापांढरा होता. 15 ऑगस्ट 1947 च्या सकाळी लाल किल्ला लालच होता आणि झेंड्यातला केशरी केशरीच. होमाईबाईंनी जे हातात होतं त्यातून मोठं काम केलं. आज आपल्या हातात दोन्ही आहे. आज कुणी निव्वळ जुनं वाटावं म्हणून रंग काढतो, तेव्हा तो त्यांच्या कामाची उसनवारी करतो.

माझ्या हातात पहिला कॅमेरा आला तो आगफा क्लिक थ्री. त्यात एका रोलवर बारा फोटो निघत. रोल भरताना काळापांढरा भरला की बारा फोटोंपुरता निर्णय झालेला असे. रंगीत रोल महाग, आणि तो धुवायला बाहेर टाकावा लागे. काळापांढरा मी घरीच धुवायचो, रात्री, न्हाणीघरात, दाराच्या फटीला चादर कोंबून. डेव्हलपरला 20 अंश तापमान लागतं. मे महिन्यात मुंबईच्या नळाचं पाणी त्याहून किती तरी गरम. मग शेजारच्यांच्या फ्रिजमधला बर्फ आणायचा, परातीत पाणी-बर्फ करून त्यात डबा बसवायचा आणि थर्मामीटरकडं बघत राहायचं. पारा वर सरकू दिला तर निगेटिव्हवर दाणा खरखरीत येतो आणि चेहरा पुरळ आल्यासारखा दिसतो. हायपोचा वास बोटांना दुसऱ्या दिवसापर्यंत राहायचा. त्या दिवसांनी मला एक सवय लावली. रोल आत भरलेला असला की मी रस्त्यानं चालताना रंग बघणं सोडून देत असे. उजेड कुठून येतो आणि सावली कुठं पडते, एवढंच दिसू लागे.

डिजिटल कॅमेऱ्यानं ती सवय मोडली. सेन्सरवर इवल्या इवल्या गाळण्यांची जाळी असते, दर चारांत दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. म्हणजे कॅमेरा आधी रंगीतच पाहतो. रंग काढायचा तो नंतर, घरी, खुर्चीत बसून, एक बटण दाबून. लायकानं 2012 साली ही जाळीच नसलेला, फक्त काळापांढरा पाहणारा कॅमेरा काढला, तेव्हा एवढे पैसे मोजून कमी दिसणारा कॅमेरा कोण घेईल असं पुष्कळांना वाटलं. मला त्यातली गोम कळली. ज्यांनी तो घेतला त्यांना निर्णय पुन्हा बटणाच्या अलीकडं आणायचा होता.

माझंही म्हणणं एवढंच आहे. रंग ठेवायचा की सोडायचा ते फोटो काढण्याआधी ठरवावं. फसलेला रंगीत फोटो काळापांढरा करून सुधारत नाही. ट्यूबलाइटचा हिरवट आणि बल्बचा पिवळा उजेड एकाच खोलीत मिसळला की चेहरे आजारी दिसतात आणि मग रंग काढून टाकायचा मोह होतो. लग्नाचे फोटो काढणारे हे सर्रास करतात. अडचण म्हणून एखादे वेळी ठीक, पण त्या फोटोत नजर टाकली की लगेच कळतं: सगळं सारखंच करडं, कुठं थांबावं ते डोळ्याला समजत नाही. आधी ठरवलेलं असतं तर फोटोग्राफरनं नवरीला दोन पावलं खिडकीकडं घेतलं असतं.

आधी ठरवायचं म्हणजे बघायचं काय? शीवच्या बाजारात मिरच्यांच्या टोपल्या असतात. एका टोपलीत हिरव्या, शेजारी पिकून लाल झालेल्या. डोळ्याला याहून मोठा फरक नाही. पण फोटोतला रंग काढा, दोन्ही टोपल्या बहुधा एकाच करड्या रंगाच्या होतात, कारण दोन्हींचा उजळपणा जवळपास सारखा असतो. त्या फोटोतला सगळा भेद रंगानं उभा केलेला होता. आता त्याच बाजारात टोपल्यांमागं बसलेल्या बाईकडं बघा. वरून छत्रीच्या भोकातून उन्हाचा एक कवडसा तिच्या हातावरच्या वजनावर पडला आहे, बाकी ती सगळी सावलीत. इथला भेद उजेडानं उभा केला आहे. रंग गेला तरी काही जात नाही. उलट मिरच्या बाजूला होतात आणि हात पुढं येतो.

यातूनच एक गोष्ट निघते, जी ऐकून नवे फोटोग्राफर चकित होतात. पावसाळी, ढगाळ दिवस म्हणजे काळ्यापांढऱ्याचा दिवस असं सगळे धरून चालतात. माझा अनुभव नेमका उलटा आहे. जुलैच्या झाकोळलेल्या दुपारी सावल्याच पडत नाहीत. उजेड सगळीकडं सारखा पसरलेला असतो. अशा वेळी एक वस्तू दुसरीपासून वेगळी दिसते ती फक्त रंगामुळं. ओल्या रस्त्यावरची लाल बेस्ट, पिवळा रेनकोट, भिंतीवरचं शेवाळ. त्यांतला रंग काढला की हाती चिखल राहतो. काळ्यापांढऱ्याला ऊन लागतं. एप्रिल-मेची कडक दुपार, ज्या वेळी शहाणा फोटोग्राफर घरी झोपतो, ती मुंबईतली काळ्यापांढऱ्याची खरी वेळ आहे. किल्ल्याच्या पायऱ्यांवर तेव्हा काळा दगड आणि धगधगतं ऊन याखेरीज काही नसतं. हाच किल्ला श्रावणात हिरवा होतो, भिंतींतून पिंपळ फुटतात, आणि मी रंगीताकडं वळतो. पुस्तकात एकाच बुरुजाचे दोन फोटो समोरासमोर छापले आहेत, ते यासाठी.

रात्रीचंही सांगून टाकतो. शीव सर्कलला सोडियमचे पिवळे दिवे होते तोवर रात्री तिथं रंग असे नव्हतेच. निळा शर्ट आणि काळा शर्ट त्या दिव्याखाली एकच दिसायचा. ते फोटो मी डोळे मिटून काळेपांढरे काढले. पांढरे एलईडी आल्यावर रात्रीलाही रंग परत आला आणि मला नव्यानं विचार करावा लागला.

आता ज्या फोटोंपाशी मी सर्वांत जास्त अडलो, ते. स्टेशनच्या पश्चिमेला उतरून चालत गेलं की धारावी लागते आणि धारावीत कुंभारवाडा. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची ही वस्ती. दिवाळीआधी दोन महिने अंगणं, ओटे, जिने, सगळीकडं पणत्याच पणत्या. भट्टीत कापसाचा कचरा आणि चिंध्या जळतात, धूर गल्लीत भरून राहतो आणि त्या धुरातून उन्हाचे पट्टे उतरतात. काळ्यापांढऱ्यासाठी याहून तयार दृश्य मुंबईत नाही. मी तसे कितीक फोटो काढले आणि ते सुंदर आले. एके दिवशी ते तिथल्याच एका कुंभाराला दाखवले. त्यानं एका फोटोवर बोट ठेवून विचारलं, यातल्या भाजलेल्या कुठल्या आणि कच्च्या कुठल्या? मला सांगता येईना. ओली माती गडद असते, वाळली की फिकी पडते आणि भट्टीतून निघाली की तांबडी होते. त्या माणसाची सगळी मेहनत, सगळी धाकधूक त्या फिकटापासून तांबड्यापर्यंतच्या प्रवासात आहे. भट्टी नीट लागली नाही तर माल काळा पडतो आणि हंगाम हातचा जातो. माझ्या फोटोत धूर होता, ऊन होतं, आणि त्याचं काम नव्हतं. कुंभारवाड्याचे फोटो पुस्तकात रंगीत आहेत. धुराचे दोनच काळेपांढरे ठेवले, कारण त्यांत मडकी नाहीत, फक्त धुरातून वाट काढत शाळेत निघालेली दोन मुलं आहेत.

धारावीबद्दल आणखी बोलायला हवं. बाहेरून येणारा फोटोग्राफर धारावीत शिरला की पुष्कळदा रंग बंद करून शिरतो. गरिबी काळीपांढरी असते, असं त्याच्या मनात पक्कं असतं. मी जन्मभर शेजारी राहिलो आहे. तिथं घराची भिंत पिस्ता असते, दार गुलाबी, आत देवघरावर निळा दिवा, दारात तुळशीला शेंदरी कुंडी. दहा बाय दहाच्या खोलीत जागा वाढवता येत नाही, रंग मात्र आपल्या मर्जीचा लावता येतो. तो रंग लोकांनी पैसे खर्चून, भांडून, निवडून लावलेला असतो. आपण तो काढून टाकतो तेव्हा त्यांची निवड काढून टाकतो आणि वर त्याला संवेदनशीलता म्हणतो. हे मला मान्य नाही. रघुवीर सिंह यांनी आयुष्यभर रंगीतच फोटो काढले, मुंबईवरचं 1994 सालचं पुस्तकही रंगीतच, आणि भारताकडं पाहण्याची आपली जुनी रीतच रंगाची आहे असा त्यांचा आग्रह होता. तो आग्रह मला पुरता पटत नाही, पण धारावीत पाऊल टाकताना तो आठवतो. केतकी शेठ यांना रघुवीर सिंहांचं मार्गदर्शन होतं, तरी 'बॉम्बे मिक्स'मधली त्यांची मुंबई काळीपांढरीच आहे. पुढं जुन्या फोटो स्टुडिओंवर काम करायला घेतल्यावर त्या रंगाकडं वळल्या, कारण स्टुडिओंचे ते रंगवलेले पडदे रंगाशिवाय दाखवायचे तरी कसे? माझ्या लेखी खरा फोटोग्राफर असा असतो. विषय बदलला की तो आपली रीत बदलतो.

मग गरिबी, कष्ट, हाल यांचे काळेपांढरे फोटो काढूच नयेत काय? काढावेत, आणि त्याचा सर्वांत मोठा दाखला आपल्या शहरातलाच आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. गटारात उतरलेली, कचऱ्याच्या ढिगात उभी असलेली माणसं. ते फोटो काळेपांढरे आहेत आणि ते तसेच हवेत असं मला मनापासून वाटतं. घाणीचा रंग आधी डोळ्याला भिडतो. किळस आली की बघणारा मान फिरवतो आणि माणूस बघायचा राहून जातो. या शहरानं त्या कामगारांकडं कायम अशीच मान फिरवली आहे. ओलव्यांच्या फोटोत मान फिरवायला जागा नाही. तिथं घाण आहे, पण ती मागं आहे. पुढं माणसाचा चेहरा, मान, खांदा, आणि त्यावरून निथळणारं पाणी. इथं रंग सोडल्यामुळं माणूस परत मिळाला. आजींच्या फोटोत रंग सोडल्यामुळं माणूस हरवला होता.

भोपाळचं उदाहरण तर सगळ्यांना ठाऊक आहे, पण या दृष्टीनं फार कमी जण त्याकडं पाहतात. 1984 च्या डिसेंबरात वायुगळतीनंतर एका अनोळखी लहानग्याला पुरत असताना दोन फोटोग्राफर तिथं होते. रघु राय यांनी काढलेला फोटो काळापांढरा, पाब्लो बार्थोलोम्यू यांचा रंगीत. तेच मूल, तीच माती, तोच चेहऱ्यावरून फिरणारा हात. बार्थोलोम्यूंच्या फोटोला त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च मान मिळाला. रंगीत फोटोत माती मातीच्या रंगाची आहे आणि डोळ्यांचं ते दुधाळलेपण दिसतं; विषारी वायूनं काय केलं याचा तो पुरावा आहे, आणि आपण त्या क्षणी तिथं उभे असतो. काळ्यापांढऱ्यात ते मूल एका दिवसाचं, एका गावाचं राहत नाही. वर्षानुवर्षं मी हे दोन फोटो शेजारी ठेवून पाहत आलो आहे. श्रेष्ठ कुठला, हे मला ठरवायचं नाही. रंगीत फोटो साक्ष देतो आणि काळापांढरा शोक करतो, एवढं मला कळलं आहे. आपल्याला त्या वेळी साक्ष द्यायची आहे की शोक करायचा आहे, हे बटण दाबणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

निळ्या ताडपत्रीबद्दल लिहिलं नाही तर मुंबईच्या फोटोग्राफरची प्रस्तावना अपुरी राहील. मेअखेरीस चाळींच्या, झोपड्यांच्या छपरांवर ती चढते आणि दसऱ्यापर्यंत उतरत नाही. तो निळा रंग बाकी कुठलाच रंग टिकू देत नाही. ताडपत्रीखाली बसलेल्या माणसाचा चेहराही निळा पडतो. मी स्वतःशी एक नियम केला आहे. पावसाला तोंड द्यायची लोकांची तयारी दाखवायची असेल, दोरी, विटा, टायर आणि वर ती ताणलेली ताडपत्री, तर रंग ठेवायचा. त्या निळ्याशिवाय मुंबईचा पावसाळा खोटा. पण ताडपत्रीखाली कुणी पोरगी बल्बच्या उजेडात पुस्तकात डोकं घालून बसली असेल तर रंग सोडायचा, कारण मग मला ती पोरगी हवी आहे. नियम इतका साधा वाटतो, तरी दर पावसाळ्यात दोनचार वेळा चुकतो.

शेवटचा विभाग शीवच्या पुलाचा. स्टेशनलगतचा हा पूल 1912 सालचा. पूर्वेकडून पश्चिमेला जायला लहानपणापासून आम्ही तोच वापरला. पाचव्या-सहाव्या रेल्वेमार्गिकांसाठी तो पाडायचं ठरलं आणि 1 ऑगस्ट 2024 पासून वाहतूक बंद झाली. मी कॅमेरा घेऊन गेलो तेव्हा मनात काळ्यापांढऱ्याचीच ओढ होती. लोखंडी तुळया, रिव्हेटांच्या रांगा, दगडी खांब. शिवाय पूल मरणपंथाला लागलेला; श्रद्धांजलीचा फ्लेक्स मनात आपोआप तयार होतो. मी कठड्याला हात लावून उभा राहिलो. लोखंडावर रंगाचे पापुद्रे होते, एकावर एक. वरचा करडा, त्याखाली हिरवा, त्याखाली शेंदऱ्या गंजरोधकाचा थर, आणि सगळ्यात खाली गंज. शंभर वर्षांची देखभाल त्या थरांत होती. दर खेपेला कुणीतरी लोंबकळत बसून ते लोखंड रंगवलं होतं. तो कठडा मी रंगीत काढला, अगदी जवळून. मग मागं सरलो आणि पुलाखालून गाडी जाताना तुळयांच्या सावल्या डब्यांच्या टपांवरून धावत गेल्या, तो फोटो काळापांढरा काढला. दोन्ही पुस्तकात आहेत.

छपाईबद्दल थोडं. नुसत्या एका काळ्या शाईत छापलं की सावल्या पातळ पडतात, म्हणून काळेपांढरे फोटो काळी आणि करडी अशा दोन शाईंत छापून घेतले आहेत. त्यामुळं पुस्तकाची किंमत वाढली, ती कमी करता आली नाही याचं वाईट वाटतं. छापखान्यातल्या मंडळींनी कुंभारवाड्याच्या तांबड्या रंगासाठी पानं चार वेळा काढून दाखवली. ज्यांनी आपल्या दारात, ओट्यावर, भट्टीजवळ मला उभं राहू दिलं, त्या सगळ्यांचं ऋण मोठं आहे. फोटो छापण्याआधी ज्यांना ज्यांना गाठता आलं त्यांना ते दाखवले. तिघांनी रंगीत मागितले तिथं रंगीत घेतले.

एक विनंती आहे. हे पुस्तक दिवसा, खिडकीपाशी बसून पाहा. पिवळ्या दिव्याखाली करडा तपकिरी दिसतो, कच्ची माती भाजल्यासारखी दिसते, आणि आजींचं लुगडं हिरवं राहत नाही.